मुलीशी मैत्री करा, म्हणाल्या

१२ ऑक्टोबर, रविवार

शाळेत आज आयांची सभा. अम्मानहून कुणी बाई आणली होती. हात लोण्यासारखे, आयुष्यात एक ऑलिव्ह तोडलं नसेल! विषय काय, तर मुलं आणि मोबाईल. "हिसकावू नका. ओरडू नका. मुलीशी मैत्री करा." तासभर हेच.

मैत्री! आमच्या जुमानाशी! चौदावं लागल्यापासून बाईसाहेब माझ्याशी दाराच्या फटीतून बोलतात. "हो." "नाही." "दार लाव."

शेजारी माझी जाऊ मैसून बसली होती, मान खाली घालून. तिच्या बयानचा ओढणीशिवायचा फोटो गेल्या वर्षी कुणीतरी आमच्या सगळ्या अजलून गावात फिरवला. दिरांनी अंगणात सगळ्यांसमोर फोन हातोड्यानं फोडला, पोरीची शाळा बंद केली. आणि फोटो फिरवणारा? कोण होता ते कुणी विचारलंसुद्धा नाही. मेला मिशीला पीळ देत फिरत असेल कुठेतरी. शिक्षा पोरीला!

सभेत हे कुणी बोललं नाही. सगळ्या माना डोलावून बिस्किटं खाऊन घरी.

१४ ऑक्टोबर, मंगळवार

केली मैत्री!

थोरल्याचा, कुतैबाचा जुना फोन कपाटात पडला होता. त्यावर खातं उघडलं. नाव रीमास, वय चौदा, राहणार इर्बिद. तोंडाच्या जागी मांजर. जुमाना तो शेतीचा खेळ खेळते ना, तिथंच शिरले. "मैत्रीण होशील?" लगेच उत्तर – "हो!!" सोबत तीन लाल बदाम.

मला कधी दिलाय एक तरी बदाम?

१७ ऑक्टोबर, शुक्रवार

ऑलिव्हची तोड सुरू झाली. सगळं खटलं झाडाखाली. हाबिसची आरडाओरड – "चादर नीट अंथर! फांदी मोडू नका!" – नवरा माझा, पण तोडीच्या दिवसांत फौजदार.

जुमाना शिडीवर, मी पलीकडच्या झाडाखाली, दोघींच्या हातात फोन. तिनं रीमासला लिहिलं, "बोटं सोलवटली गं. आई बसूसुद्धा देत नाही." मी लिहिलं, "मग जरा टेक ना, यम्मा."

गेलंच लिहून! कुठली चौदा वर्षांची पोर मैत्रिणीला 'यम्मा' म्हणते? ते आम्हा आयांचं. पोटच्या लेकराला आपणच 'आई' म्हणून हाक मारायची, बापानं 'बाबा' म्हणून. जन्मभराची सवय, बोटांनाही लागलेली. झटकन पुसलं. वर बघितलं तर ती फांद्यांत डोकं घालून तोडतेय. वाचलं नसावं. वाचले!

चहाला येऊन माझ्याशेजारी बसली. नवलच.

२१ ऑक्टोबर, मंगळवार

रीमासशी काय बोलते पोरगी! गणिताच्या बाई, केस गळतात, समुद्र कधी पाहिला नाही. ती शाळेतून आल्यावर मी विचारलं, "काय झालं आज?" "काही नाही."

स्वतःच्याच खोट्या नावाचा हेवा वाटतोय. मूर्ख बाई!

२४ ऑक्टोबर, शुक्रवार

दाराला कडी घालून लिहितेय.

त्या खेळात एकजण भेटलाय तिला. नाव म्हणे झैद, वय अठरा. अठरा कसला, घोडा असेल चाळिशीचा! दोन महिने गोड गोड बोलला. मग फोटो मागितला, केस मोकळे सोडलेला. आणि हिनं दिला. आता म्हणतो, आणखी पाठव, नाहीतर हा तुझ्या भावाला पाठवतो. कुतैबाचं नावसुद्धा ठाऊक आहे त्याला.

"कुणाला सांगू नकोस रीमास."

मी हे मकलूबा शिजत असताना वाचलं. भांडं परातीत उलटं करताना सगळा भात बाहेर सांडला. हाबिस म्हणाला, "कुठं लक्ष असतं हल्ली तुझं?"

२५ ऑक्टोबर, शनिवार

रीमासनं सांगितलं, त्याला एक अक्षर उत्तर देऊ नकोस, सगळं आईला सांग.

उत्तर आलं, "आईला सांगितलं तर काय करेल ती?"

मी लिहिलं, "काही नाही करणार. जवळ घेईल."

"बयानचा फोन फोडला तेव्हा आई म्हणाली होती, बरं केलं."

म्हणाले होते. जावेला बरं वाटावं म्हणून. ही तिथं उभी होती ते कुठं ठाऊक मला!

२६ ऑक्टोबर, रविवार

सांगायचं कसं? "तुला कोण छळतोय ते मला माहीत आहे." "कुणी सांगितलं?" मग? मी रीमास आहे म्हणू? त्यानंतर ही जन्मात कुणाला काही सांगेल का?

आणि हाबिसला कळलं तर शाळा बंद. तो काही दुष्ट नाही, पण भावापुढे हलका पडायचा नाही.

सायबर पोलीस असतात म्हणे. त्या अम्मानच्या बाईनं नंबरही दिला होता. बिस्किटांच्या कागदावर लिहून घेतला. मग पोलीस आधी हाबिसलाच बोलावतील का? कुणाला विचारू?

तोड संपू दे. मग बघते.

२८ ऑक्टोबर, मंगळवार

"त्यानं गुरुवारपर्यंत मुदत दिलीय," जुमानानं लिहिलं. मग पुन्हा, "गुरुवार, बरं का." मग पुन्हा एकदा तेच. किती वेळा सांगते! वाचता येतं मला!

संध्याकाळी स्वयंपाकघरात आली. उगाच. पाणी प्यायली, उभी राहिली. मी द्राक्षाच्या पानांत भात भरत होते. म्हटलं, "काही हवंय का, यम्मा?"

"तुला काही बोलायचंय का माझ्याशी?"

मलाच विचारते! मी म्हटलं, "नाही गं. अभ्यास झाला का?"

गेली. दार लावलं. जोरात.

३० ऑक्टोबर, गुरुवार

रीमासनं दिवसभर लिहिलं – पाठवू नकोस, पाठवू नकोस. शेवटी एक ओळ आली. "तू नुसती लिहितेस."

संपलं. रीमासला ब्लॉक केलं तिनं. खोलीबाहेरही आली नाही. ताप आलाय म्हणते. कपाळ गार होतं.

३१ ऑक्टोबर, शुक्रवार

दीर-जाऊ जेवायला. दीर पोरांना उपदेश करत होते, "आमच्या घरात पुन्हा असलं काही होणार नाही. आम्ही डोळे उघडे ठेवून आहोत!" बयान ताटं उचलत होती. जुमाना तिच्याकडे बघत होती.

उद्या तेल घाण्यावरून आलं की सांगते. नक्की.

१ नोव्हेंबर, शनिवार

तेल आलं. डबे भरत होते. जुमानानं तिचा फोन माझ्या पुढ्यात ठेवला. दुसरा फोटो परवाच पाठवलाय त्याला. आता तिसरा मागतोय.

मी तोंड उघडलं, "जुमाना, ती रीमास..."

"माहीत आहे. ऑलिव्हखाली मला यम्मा म्हणालीस तेव्हाच कळलं. म्हणून तर त्याचं सगळं तिला सांगितलं. तुझ्या तोंडावर सांगवत नव्हतं." तिच्या डोळ्यांत पाणीसुद्धा नव्हतं. "मी रोज वाट बघत होते, यम्मा. तू आलीच नाहीस."