फ्रेंच शब्दकोडं: आडवं-उभं टॅली

३ मार्च, रविवार. सकाळी.

आजपासून रोजनिशी. ज्या कामगिरीची नोंद नाही ती झालीच नाही असे धरले जाते, हे मी आमच्या अकाउंट्स खात्यात तीस वर्षे सांगत आलो आहे. तो नियम स्वतःलाही लागू करावा.

आजच्या पुरवणीत 'जाणकारांसाठी फ्रेंच शब्दकोडे' आले आहे. सूचना इंग्रजीत, उत्तरे फ्रेंचमध्ये, आणि बऱ्याच सूचनांत काही ना काही शब्दखेळ. उत्तर दोन आठवड्यांनी छापणार. योग उत्तम आहे. सोळा तारखेला कन्या दोन वर्षांच्या शिक्षणासाठी जिथे फ्रेंच बोलतात अशा देशी चालली आहे. फ्रेंचच्या क्लासमध्ये ती पहिली आली तेव्हापासून या घरात माझ्या उच्चारांना हसण्याची पद्धत पडली आहे. परवा मी नुसते 'रेस्टॉरंट' म्हटले, तरी मायलेकींनी एकमेकींकडे पाहिले.

संकल्प: विमान सुटायच्या आत हे कोडे एकट्याने, संपूर्ण, शाईपेनाने सोडवून कन्येच्या हाती देणे. पेन्सिल ही भित्र्या माणसांची सोय आहे.

दुपारी.

कन्या येऊन म्हणाली की बाबा, मिळून सोडवू या का, पूर्वीसारखं? पूर्वी म्हणजे ती दुसरी-तिसरीत असताना. रविवारी मी सूचना वाचायचो, ती माझ्या मांडीवर बसून पेन्सिलीने अक्षरे भरायची आणि जीभ बाहेर काढायची. मी तिला समजावले की ही आता जाणकारांची पातळी आहे. तू बॅग भर. ती बरं म्हणून गेली. मुलगी समजूतदार आहे.

४ मार्च, सोमवार

कामाला पद्धत हवी. आम्ही वर्तमानपत्राच्या दोन प्रती घेतो: एक वाचायला, एक रेकॉर्डला. रेकॉर्डच्या प्रतीतील पान कचेरीत नेऊन सूचना आणि चौकट यांच्या वेगवेगळ्या फोटोकॉपी काढल्या, दीडपट मोठ्या. समास सरळ यावा म्हणून पान काटेकोर दुमडले. मूळ पान पंच करून बॉक्स फाइलमध्ये. मूळ दस्तऐवजावर कधीही काम करायचे नाही.

पर्चेसवाल्याने मशीनपाशी विचारले की साहेब, टेंडर का? म्हटले, फ्रेंच. तो गप्प झाला. त्याला एकदा तरी गप्प झालेला पाहायची इच्छा होती.

चौकटीच्या कोपऱ्यात सशाचे एक लहानसे चित्र आहे. फ्रेंचांची कलादृष्टी प्रसिद्धच आहे.

५ मार्च, मंगळवार

शुभारंभ. १ आडवा: 'नदी आणि मासेमारीचे जाळे, पाच अक्षरे.' घरे मात्र सात.

प्रथम गोंधळलो. मग उमगले. नदीला पूर आला आहे! हाच तो शब्दखेळ. नदीच्या फ्रेंच नावात दोन अक्षरांचे पाणी वाढवले आणि शाईने लिहून टाकले. असे सुचायला डोके लागते.

सौ. चहा ठेवताना म्हणाली की पोरगी दोनदा डोकावून गेली. म्हटले, डोकावू दे. उत्सुकता ताणली गेली पाहिजे.

६ मार्च, बुधवार

४ उभा: 'वकील की फळ? सहा अक्षरे.' घरे चार. इथे माझ्या एका जुन्या निरीक्षणाचा उपयोग झाला. फ्रेंच लोक शब्दातली शेवटची अक्षरे उच्चारत नाहीत. जे उच्चारायचे नाही ते लिहायचे कशाला? इंग्रजी 'लॉयर'च्या सहातून शेवटची दोन वजा. बाकी चार. बसला.

याच तत्त्वावर संध्याकाळपर्यंत आणखी पाच शब्द. फ्रेंच ही मुळात इंग्रजीच आहे, फक्त कंटाळा येऊन मध्येच सोडलेली. कन्येने यासाठी दोन वर्षे क्लास लावला होता, हे पाहून वाईट वाटले. मला विचारायचे होते.

७ मार्च, गुरुवार

अडचण. चौकटीतील शेवटचा अंक २७. सूचना मात्र ३१ पर्यंत. चार सूचना जादा.

विचारान्ती त्या चारही न वाचताच राइट ऑफ केल्या. ज्या नोंदीला चौकटीत जागा नाही, ती नोंद नव्हे. संपादकाच्या हलगर्जीपणाचा भुर्दंड मी का सोसावा? सोयीसाठी त्या चार ओळींवर पांढरी पट्टी चिकटवली. डोळ्यांना त्रास नको.

९ मार्च, शनिवार

सायंकाळी साडूभाऊ सपत्नीक आले, कन्येला निरोप द्यायला. हे गृहस्थ तिकडे एकदा आठ दिवसांच्या टूरवर जाऊन आले आणि तेव्हापासून चहाच्या कपाचा कान धरतानाही करंगळी वर करतात. त्यांनी कन्येला तासभर विमानतळावरचा जिना कसा चढायचा ते सांगितले.

मी संधी साधली. १३ आडव्याला उभ्या शब्दांतून 'झुबेत' असे काहीसे तयार झाले आहे. त्याला सूचनेत कसलाच आधार नव्हता. सहज विचारले की साडूभाऊ, तिकडे झुबेत कसा मिळतो? ते क्षणाचाही विलंब न लावता म्हणाले की अहो, झुबेत ना, आम्ही घेतला होता की, पण इकडच्या हवेत टिकला नाही. मेव्हणीबाई त्यांच्याकडे बघत राहिल्या.

थर्ड पार्टी कन्फर्मेशन मिळाले. ऑडिटच्या दृष्टीने याहून भक्कम पुरावा नाही.

कन्येने हातातला घास खाली ठेवला आणि ठसका लागल्यासारखे करून बाल्कनीत गेली. पाणी पाठवले.

१० मार्च, रविवार

सकाळी कन्या वाचायच्या प्रतीचा एक कागद घडी करून घेऊन आली. म्हणाली की बाबा, पाचच मिनिटं बसा ना माझ्याजवळ, मला एक अडलंय. मी हसलो. म्हटले, तुला अडले असणारच. पण आत्ता सांगितले तर माझ्या भेटीतला राम निघून जाईल. सोळा तारखेपर्यंत थांब. ती म्हणाली की बाबा, सोळाला मी जातेय. म्हटले, म्हणूनच.

तिने तो कागद स्वतःच्या टेबलाच्या खणात ठेवला. सौ.ने आज जेवताना मला कोशिंबीर वाढली नाही. कारण कळले नाही.

११ मार्च, सोमवार

प्रगती समाधानकारक. जिथे अर्थ लागत नाही तिथे आडव्याची अक्षरे उभ्यातून आणि उभ्याची आडव्यातून घेतो. एकमेकांना दोघे आधार देतात. संसारासारखेच आहे, असे सौ.ला सांगितले. ती म्हणाली की संसारात निदान एकाला तरी उत्तर माहीत असावं लागतं.

१३ मार्च, बुधवार

कन्येची बॅग वजनात जास्त भरते आहे. काय काढायचे यावर मायलेकींची खलबते. मला बोलावले होते. मी बंद दारातूनच सल्ला दिला की प्रत्येक वस्तूला अग्रक्रम द्या आणि खालच्या वस्तू वगळा. बाहेरून सौ. म्हणाली की तेच चाललंय, तुमचा नंबर शेवटून दुसरा आहे. शेवटचा कोण ते सांगितले नाही. बहुधा इस्त्री.

१४ मार्च, गुरुवार

झाले! शेवटचे घर भरले. आडवे तपासले, उभे तपासले. एकही अक्षर कुठे दुसऱ्याशी भांडत नाही. सर्व टॅली. शाईपेनाने, एकही खाडाखोड न करता. (एक आहे, पण ती सशाच्या कानात लपते.)

कचेरीत ज्युनिअर मंडळींना मी दरवर्षी बजावतो की ट्रायल बॅलन्स जुळला म्हणजे हिशेब बरोबर असे समजू नका. तो नियम नवशिक्यांसाठी आहे.

१५ मार्च, शुक्रवार

उत्तम लिफाफा आणला. वर लिहिले: 'तिथे पोहोचल्यावर उघडणे.' आत चौकट, सूचना आणि माझ्या पद्धतीवर एक पानी टिपण. बापाची किंमत परदेशात गेल्यावरच कळते म्हणतात. तर तिथेच कळू दे.

कन्या संध्याकाळी माझ्या खोलीत येऊन उगाच बसली होती. मी लिफाफ्याचे सील वाळत घातले होते, त्यामुळे दोघांनाही पंखा बंद ठेवून बसावे लागले.

१६ मार्च, शनिवार

विमानतळ. काचेच्या दारापाशी लिफाफा दिला. ती म्हणाली की बाबा, हे काय? म्हटले, तिथे गेल्यावर वाच. तिने मला मिठी मारली. बॅग माझ्या पायावर पडली होती, त्यामुळे डोळ्यांत पाणी आले. सौ.ने रुमाल दिला. बॅगेमुळेच, असे तिला सांगितले.

परतताना गाडीत मी एकदा म्हटले की कोडे वेळेत पुरे झाले, हे फार बरे झाले. सौ. खिडकीबाहेर बघत होती.

१७ मार्च, रविवार. सकाळी.

कन्येचा फोन. सुखरूप पोहोचली. लिफाफा उघडला. दोन मिनिटे तिच्याकडून नुसता हसण्याचा आवाज. आनंदाच्या भरात माणूस असा हसतो. मग म्हणाली की बाबा, एवढं फ्रेंच मलाही येत नाही. आणि मग एकदम आवाज बदलून, की बाबा, मी तो कागद खणातच विसरले. म्हटले, असू दे. आता त्याची गरज काय!

प्रशस्तिपत्र मिळाले. कार्य सिद्धीस गेले.

११ वाजता.

पुरवणीत उत्तर आले आहे. माझ्या उत्तराशी एकही शब्द जुळत नाही. एकही! चौकटसुद्धा वेगळी आहे. या गाढवांनी भलत्याच कोड्याचे उत्तर छापले आहे. संपादकाला कडक पत्र लिहायला घेतले. पहिला परिच्छेद उत्तम उतरला: 'आपल्या वृत्तपत्राचा बेजबाबदारपणा आता कळसाला पोहोचला असून…'

दुपारी १२.

पुराव्यादाखल मूळ पान जोडावे म्हणून बॉक्स फाइल उघडली.

फ्रेंच सूचनांच्या खाली बारीक अक्षरांत छापले आहे: 'चौकट पान अकरावर.' सूचनांशेजारी जी चौकट आहे तिचे शीर्षक, जे मी समास सरळ यावा म्हणून दुमडले होते, ते असे: 'छोट्या दोस्तांसाठी: चला, प्राणी ओळखू या!'

बारीक अक्षरे वाचणे हा माझा पेशा आहे.

पत्र फाडले. पहिला परिच्छेद मात्र ठेवला. पुढे कुठे तरी उपयोगी पडेल.

दुपारी.

जेवताना सौ.ला सांगावे लागले. ती हसेल असे वाटले होते. ती उठली, कन्येच्या खणातून तो घडी केलेला कागद आणून माझ्या ताटाशेजारी ठेवला. म्हणाली की पोरीनं हे पहिल्याच रविवारी संपवलं होतं, चहा होईस्तोवर. एक शब्द तेवढा मुद्दाम ठेवला होता. म्हणाली होती, हा बाबांचा. रोज विचारत होती, बाबा बसतील का. तुम्ही दाराला कडी घालून ससा रंगवत होतात.

मी म्हटले की ससा रंगवला नाही. फक्त कान.

कागद पाहिला. पान अकरा. सगळे पेन्सिलीने भरलेले, तेच लहानपणचे गोल अक्षर. वकिलाला सहा अक्षरे, सहा घरे. नदीला पाच. नदीला पूर नाही.

रिकामा शब्द एकच: २९ उभा. मी पांढऱ्या पट्टीखाली गाडलेल्या चारांपैकी. आता पहिल्यांदा वाचला.

'ताळेबंद. पाच अक्षरे.'

सायंकाळी.

तीस वर्षे दर मार्चअखेर हाच एक कागद मी तयार करत आलो आहे. त्याला फ्रेंचमध्ये काय म्हणतात ते मला ठाऊक नाही. इंग्रजी 'बॅलन्स शीट'च्या बारातून शेवटची दोन वजा करून पाहिली, बसत नाही. पहिले अक्षर बी, हे कन्येच्या आडव्या शब्दातून मिळाले आहे. पुढची चार घरे रिकामी.

डिक्शनरी कन्येबरोबर गेली. साडूभाऊंना विचारले तर त्यांनी तो तिकडे घेतलेला असेल.

सौ. म्हणाली की फोन लावा आणि तिलाच विचारा, त्यासाठीच तर ठेवलाय. म्हटले, लावतो; आधी पेन्सिल दे. तिने दिली. टोक नव्हते. तेही तिनेच करून दिले.

मग तिकडे आत्ता किती वाजले असतील, मुलगी झोपली तर नसेल, हे काढायला बसलो. इथल्या वेळेत तास मिळवायचे की वजा करायचे, हे सौ.ला विचारावे लागले.