नीलच्या नावाचं टपाल

डोंबिवली (पूर्व)
रविवार, ९ फेब्रुवारी २०२५

चि. देवयानी हिस,

आशीर्वाद. मुकुलला आणि ऋजुतालाही.

इकडे आम्ही दोघं ठीक. हिच्या गुडघ्याला नवीन तेल लागू पडलंय असं ही म्हणते. तेल जुनंच आहे, बाटली तेवढी नवीन आणली, पण ते तिला सांगायचं नाही. बिल्डिंगच्या रंगावरून सोसायटीच्या दोन मीटिंगा झाल्या. रंग काही ठरला नाही, कोणी कोणाशी बोलायचं नाही ते मात्र ठरलं.

तू म्हणशील, एवढ्यासाठी पत्र? तू माझा फोन घेत नाहीस, आणि घेतलास तरी मी या गुडघ्याच्या पुढे जाणार नाही. चौतीस वर्षं लोकांची पत्रं दारोदार वाटली, म्हटलं एक आपणही लिहून बघावं.

विषय टपालाचाच आहे. नीलच्या नावाने येणाऱ्या जाहिरातींचा.

तो गेला त्या वर्षी मे महिन्यात ठाण्याला घरांच्या प्रदर्शनाला गेला होता, तुझ्याकडेच जेवून. तिथे दिसेल त्या स्टॉलवर त्याने बक्षिसाचं कूपन भरलं. पोस्टमनचा मुलगा, त्यामुळे नाव, विंग, मजला, पिनकोड, सगळं सुवाच्य. त्या एका दुपारच्या जिवावर आजपर्यंत टपाल येतंय. फ्लॅटचे गुळगुळीत कागद, गाडीचं कर्ज, गाद्या, जिम, सिंगापूरची सहल. एकाला पत्ता मिळाला की तो दहा जणांना देतो. आणि प्रत्येकावर छापलेलं, 'प्रिय नील'. त्याच्या वाढदिवसाला तर चार आली.

ही जिन्यातल्या पेटीतून ती काढून आणायची, टेबलावर ठेवायची. त्या दिवशी भाजीत मीठ नसायचं. मग मी मनावर घेतलं.

अकरा कंपन्यांना पत्रं लिहिली, रजिस्टरने, पोचपावतीसकट. फोन केले. एक मुलगी म्हणाली, "सर, कस्टमरने स्वतः रजिस्टर्ड मोबाइलवरून सांगावं लागेल." मी म्हटलं, तो मोबाइल बंद आहे. तर म्हणे, "मग त्यांना चालू करायला सांगा ना सर." तिची काय चूक? एका कंपनीचं उत्तर आलं: 'प्रिय नील, तुम्ही आम्हाला सोडून जात आहात याचं आम्हाला वाईट वाटतं.' सोबत गादीवर वीस टक्के सूट.

सहा जणांनी थांबवलं. उरलेल्यांना कारण हवं होतं. खरं कारण लिहिलं असतं तर एका पत्रात काम झालं असतं, पण तेच माझ्याच्याने लिहवेना. पोस्टात परत जाणाऱ्या पाकिटावर मारायचे शेरे ठरलेले असतात. पत्ता अपूर्ण, घेण्यास नकार, घर सोडून गेले, मयत. हा शेवटचा शेरा नोकरीत मी किती वेळा लिहिला असेल, एका हातात चहाचा कप धरून. आता पाकीट आणि पेन घेऊन बसायचो आणि तसाच उठायचो. आमच्याकडे प्रीती म्हणून पोस्टमनबाई आहेत, त्या एकदा वैतागल्या. "अहो काका, एकदाचा रिमार्क मारा ना, आजच रिटर्न लावते. उगाच कशाला जीव जाळताय?"

टाकून का दिलं नाहीत, असं तुला वाटेल. टपाल टाकायचं नसतं गं, ते हाडात मुरलंय. माणूस त्या पत्त्यावर नसेल आणि पुढचा पत्ता माहीत असेल, तर जुना खोडायचा, नवा लिहायचा आणि पाकीट पुढे पाठवायचं. मी तेच केलं. आपला पत्ता लाल शाईने खोडला आणि तुझा लिहिला. नील या घरातून शेवटचा निघाला तो तुझ्याकडे यायला. त्याचा पुढचा पत्ता म्हणून मला तोच माहीत होता.

होय, मीच. खोपटच्या तुमच्या घरी गेले आठ महिने ती पाकिटं मीच पाठवतोय. अक्षर तू पहिल्याच दिवशी ओळखलं असणार.

गुरुवारी मुकुलचा फोन आला. तो कधी आवाज चढवत नाही, तेव्हाही चढवला नाही. म्हणाला, "बाबा, देवयानी एकही पाकीट फोडत नाही आणि फेकतही नाही. कपाटात ठेवते. काल ऋजुताने अक्षरं जुळवून नाव वाचलं आणि विचारलं, नीलमामा आता आपल्याकडे राहतो का? देवयानी बाथरूममध्ये जाऊन बसली, तासभर बाहेर आली नाही. बाबा, प्लीज, हे थांबवा."

मी माझ्या मनाची समजूत घातली होती की हे सगळं हिला त्रास नको म्हणून चाललंय. अर्धं खरं होतं. उरलेलं अर्धं असं, की त्याचं नाव तुझ्याही दाराशी पोचावं असं मला वाटत होतं. तेराव्याला चार माणसांत मी म्हणालो होतो, "तू भाऊबीजेचा हट्ट धरलास म्हणून तो बाईक घेऊन निघाला." तू हातातलं ताट खाली ठेवलंस आणि चप्पल घालून गेलीस. त्यानंतर या घरात पाऊल टाकलं नाहीस. बोललेलं कमी पडलं म्हणून की काय, तेच मी दर महिन्याला लाल शाईने पाठवत राहिलो.

देवयानी, तू हट्ट धरला नव्हतास. आणि हे मला तेराव्याला माहीत होतं.

भाऊबीजेच्या सकाळी नील रात्रपाळी करून आला. डोळे लाल झालेले. म्हणाला, "बाबा, ताईशी बोललो. ती म्हणाली, आज झोप, उद्या ये. उद्या जातो." मी म्हटलं, "भाऊबीज उद्या नसते. एकुलती एक बहीण, वर्षातून एकदा ओवाळणार, तेवढंही जड होतंय तुला?" तो म्हणाला, "अहो बाबा, खरंच डोळे मिटतायत." मी म्हटलं, "तोंड धू. वारा लागला की झोप उडते." आणि बाईकची किल्ली मी माझ्या हाताने त्याला दिली.

शीळ रस्त्यावर ट्रक उभा होता. समोरून कोणी आलं नव्हतं, कोणी धक्का दिला नव्हता. पोलीस म्हणाले, डोळा लागला असावा. ते मी कोणाला सांगितलं नाही.

तो निघालाय हेच तुला ठाऊक नव्हतं. सव्वादोन वर्षं तू स्वतःला विचारत असशील, उद्या ये म्हटलं तरी हा का निघाला? आपल्या आवाजात नाराजी होती का? तेराव्याला तू हे बोलली नाहीस, कारण खरंखोटं सांगायला तो उरला नव्हता. मी होतो. तू त्याला झोप म्हणालीस. मी उठवलं.

शुक्रवारी प्रीती आल्या तेव्हा तीन पाकिटं होती. जिन्यात उभ्यानेच तिन्हींवर शेरा लिहिला. अक्षर चांगलं आलं नाही. त्यांनी ती पिशवीत घातली आणि जाताना माझ्या दंडाला हात लावला. राहिलेल्या पाच कंपन्यांना दाखल्याची प्रत जोडून पत्रं तयार आहेत, उद्या टाकतो. सगळं बंद व्हायला दोनतीन महिने लागतील म्हणतात. तोवर एखादं चुकून तुझ्याकडे आलं तर ते माझ्याकडून नसेल, एवढा विश्वास ठेव.

काल हिला सगळं सांगितलं. ही मटार सोलत बसली होती. हात थांबले नाहीत. म्हणाली, "मी आत पोळ्या करत होते. ऐकलं होतं सगळं."

मी विचारलं, मग इतके दिवस बोलली का नाहीस?

"बोलले असते तर तुम्ही जिवंत राहिला नसता. एक गेलाच होता. पण तुम्हाला सांभाळता सांभाळता पोरीला मी एकटं पाडलं." मग मात्र परात बाजूला सारून रडली. नील गेला तेव्हाही अशी रडली नव्हती. नंतर म्हणाली, "तिला लिहा. आणि कारणं देत बसू नका." बघ, निम्मं पत्र कारणांतच गेलं.

आज सकाळी मोहन्याला तुझ्या काकांकडे गेलो होतो. तेराव्याच्या त्या चार माणसांतले ते एक. माझं खोटं त्यांच्यासमोर कबूल केलं. काकूंनी पाण्याचा तांब्या आणून ठेवला. उरलेल्या तिघांकडेही जाणार आहे. फोन करणार नाही, जाऊनच सांगणार.

माफ कर असं लिहीत नाही. इकडे ये असंही म्हणत नाही, तो हक्क मीच घालवला. तुझी आई तुला भेटायला येईल, तिला घरात घे. मी खाली रिक्षात थांबेन. नीलच्या जाण्यात तुझा काडीचाही दोष नव्हता. हे मी माझ्या हाताने लिहून देतोय, मुकुलला दाखव, जपून ठेव, आणि मनात पुन्हा तो प्रश्न आला की काढून वाच.

ज्याने त्याला पाठवलं तो,
तुझा बाबा