चेंडू पडेल तिथूनच

४ नोव्हें. २०१८, रवि.
घोलवड. होमीशेठ ह्यांचे शाळेपासूनचे मित्र. चिकूवाडीत त्यांनी हौसेने सहा होलचं गोल्फ काढलंय, दर रविवारी दोघं खेळतात. वलसाडच्या डॉक्टरांनी ह्यांना पार्किन्सन सांगितल्यापासून मीही सोबत.
आज ह्यांचा चेंडू चिकूच्या मुळांत अडकला. मी सहज उचलायला वाकले, तर केवढ्याने ओरडले, "हात लावू नकोस!" पडेल तिथूनच मारायचा म्हणे. तीनदा काठी हवेतच फिरली. न लागलेला फटकाही हिशेबात धरतात. तिन्ही धरले. शेवटी एक फटका दंड घेऊन बाजूला टाकायचं ठरलं, तर थरथरत्या हातातून चेंडू स्वतःच्याच बुटावर.
"परत टाक, ह्याला दंड नाय," होमीशेठ.
मी दुसरीकडे बघत राहिले.

१८ नोव्हें.
काठी चेंडूमागे टेकवली, हात थरथरला, चेंडू जरासा सरकला. "एक दंड माझ्यावर." जागी ठेवला. परत सरकला. परत एक.
होमीशेठ झाडाकडे बघत, "मी काय बघितलं नाय, माधव. तू मार ने."
"मी बघितलं ना."

२ डिसें.
होमीशेठ म्हणाले, "आजपासून तुझा चेंडू हलला तर दंड धरायचा नाय. माझी वाडी, माझा नियम."
ह्यांनी काठ्या पिशवीत भरल्या. मसोलीला घरी येऊन पिशवी कोपऱ्यात ठेवली. मग, "आता तो मला लहान मुलासारखं जिंकवणार."
होमीशेठचंही पटतं, ह्यांचंही. कोणाला काय सांगू?

१६ डिसें.
रविवार असून घरीच. होमीशेठचा फोन हे घेत नाहीत. मी घेतला. "भाभी, मी त्याचं वाईट केलं काय?"
चहा सांडतो म्हणून हल्ली अर्धाच कप देते. आज ह्यांनी कपात बघितलं, मग माझ्याकडे.

६ जाने. २०१९, रवि.
सकाळीच गेटशी होमीशेठची गाडी. उतरत नाहीत, हॉर्न नाही. हे ओटीवर बुटाची नाडी बांधत बसलेले.
"त्याला सांग, सगळे नियम धरणार असशील तरच येतो."
जाऊन सांगितलं. होमीशेठ स्टिअरिंगवर हात ठेवून म्हणाले, "धरतो. पण मला बघवलं नाय तर?"
परत आले. हे अजून नाडीशीच. नाडी बोटांतून सुटते, परत धरतात; मी हात लावला नाही.
आत येऊन हे लिहितेय. गाडी अजून उभी आहे.