सीटच्या मागचं इंजिन

शॉमबर्ग, १८ सप्टेंबर २००५

शोभाताईंना मृणालिनीचा वाकून नमस्कार.

तुमचा गुडघा कसा आहे? भावोजींना खोकल्याचं औषध लागू पडलं का? इकडे आम्ही तिघंही धडधाकट आहोत. निदान हे लिहिताना तरी आहोत. पुढच्या वर्षीचं मला विचारू नका.

पत्र लिहितेय कारण फोनवर हे बोलता येत नाही. फोन स्वयंपाकघरात, आणि स्वयंपाकघराचं दार उघडलं की गराज. गराजमध्ये तुमचा भाऊ, आणि तुमच्या भावाच्या पुढ्यात ती गाडी. (मोरेश्वर तिला गाडी म्हणतो. मला विचाराल तर पाळण्याला चाकं लावावीत तसा लोखंडी नळ्यांचा सांगाडा आहे.) मागच्या ऑक्टोबरात पाच खोक्यांतून सुटे भाग आले. घरी जोडायची गाडी असते म्हणे; सगळं देतात, फक्त इंजिन आपलं आपण निवडायचं. साध्या गाडीत इंजिन पुढे असतं, म्हणजे धडक बसली तर आधी त्याला लागतं. हिच्यात ते सीटच्या मागे. मध्ये एक पत्रा, आणि पत्र्याच्या अलीकडे तुमच्या भावाचं डोकं. मी विचारलं, असं का? तर म्हणाला, "इंजिन मधे असलं की गाडी फटकन वळते, मृणाल." मी म्हटलं, आणि चुकून वळली तर? त्याने जरा विचार केला आणि प्रामाणिकपणे सांगितलं, "तर जास्तच फटकन." तेव्हापासून मला नीट झोप नाही.

इंजिनं तीन. एक चार सिलेंडरचं, भंगारात निघालेल्या एका साध्यासुध्या गाडीचं. दुसरं व्ही-सिक्स. तिसरं व्ही-एट, म्हणजे आठ सिलेंडर, जे सांगाड्यात मावेल पण सांगाडा त्याच्या पुढे टिकेल का ते कुणी सांगत नाही. मोरेश्वरने सहा महिने तक्ते केले. वजन, ताकद, उष्णता, सगळ्याचे रंगीत रकाने. निर्णय नाही. आमची सावनी एकदा जेवताना म्हणाली, "डॅड, इट्स अ कार, नॉट अ थीसिस." त्यात इथल्या महाराष्ट्र मंडळातले संजीव दर शनिवारी येऊन सांगणार, "वहिनी, व्ही-एट म्हणजे व्ही-एट, यार! चार सिलेंडर काय, लॉनमोवरलापण असतात." (नसतात. गवत कापायच्या त्या यंत्राला एकच असतो. मी दुकानात विचारून आले.)

एक दुपार सांगते. मी गराजचं दार उघडलं तर तुमचा भाऊ त्या सांगाड्यात बसलेला. इंजिन नाही, चाकं नाहीत, चार विटांवर गाडी. दोन्ही हातांनी स्टिअरिंग हळूहळू वळवत होता आणि तोंडाने बारीक आवाज काढत होता. मी दार लावून घेतलं. हसावं की रडावं कळेना, ताई. सत्तेचाळीस वर्षांचा माणूस इतका सुखी दिसला की मला धडकीच भरली. एवढ्या सुखी माणसाला ब्रेकची आठवण राहते का?

शेवटी गणपतीत तुमच्या घरची रीत कामाला आली. अडलं की देवापुढे चिठ्ठ्या! तुम्हाला आठवत असेल, अमेरिकेत कुठल्या विद्यापीठात जायचं तेही तसंच ठरलं होतं आणि चिठ्ठी तुम्ही उचलली होतीत. आरती झाली, मोरेश्वरचे हात ग्रीसने काळे, म्हणून चिठ्ठ्या मी लिहिल्या. तिन्हींवर मी 'चार सिलेंडर' लिहिलं.

हो, तिन्हींवर. समोर विघ्नहर्ता बसलेला, आणि मी विघ्न आपल्या हाताने हरत होते.

सावनीने एक उचलली, वाचली. तुमच्या भावाचा चेहरा पडला, पण त्याने हात जोडले. इतक्यात सावनी म्हणते, "लेट्स सी द अदर टू!" मी झडप घालून दोन्ही मुठीत घेतल्या आणि म्हटलं, देवाने नाकारलेलं वाचायचं नसतं, आजी सांगायच्या. (आईंनी मला असं कधीही काहीही सांगितलेलं नाही. नियम मी जागच्या जागी केला.) मोरेश्वर म्हणाला, "आई असं म्हणायची? मला कसं आठवत नाही?" आठ दिवस झाले, त्याने गाडीला हात लावलेला नाही. संध्याकाळी येऊन बातम्या बघतो. मला हेच हवं होतं ना? मग आता त्याला असं बातम्या बघताना बघून भीती का वाटते?

भावोजींना नमस्कार. गुडघ्याला जपा.

तुमची,
मृणालिनी

ता. क. – खरं काम हे. दसऱ्याला तो फोन करून तुम्हाला आईंच्या त्या नियमाबद्दल विचारणार आहे. कृपा करून 'हो, म्हणायची' एवढंच म्हणा. पाप माझ्या नावावर.

ता. क. २ – पाकीट चिकटवायचं राहिलं होतं म्हणून बरं. आज गराज झाडताना त्याची वही सापडली. व्ही-एटवर काट मारलेली, शेजारी लिहिलंय, 'मृणाल घाबरेल'. खाली वजनांचा हिशोब. चालक १६४ पौंड. शेजारची सीट, मृणाल, १३५. त्याखाली, 'दोघं असताना चार सिलेंडर चढावर दमेल. व्ही-सिक्स?' मी इतके महिने त्याच्या एकट्याच्या मरणाला भीत बसले, ताई. शेजारची सीट माझी आहे हे मला कुणी सांगितलंच नव्हतं.

तेव्हा वरचं खोडलं असं समजा. त्याला सांगा, आई म्हणायची, मन लागत नसेल तर दसऱ्याला चिठ्ठ्या पुन्हा टाकाव्यात. या वेळी दोनच टाकीन, आणि खऱ्या लिहीन. भीती आहे तेवढीच आहे, पण आता निदान शेजारी बसून ओरडता तरी येईल.

ता. क. ३ – ते १३५ त्याने माझ्या ड्रायव्हिंग लायसन्सवरून घेतलंय. दर वेळी ते नवं करताना खिडकीतली बाई विचारते, वजन तेच का, आणि मी सतरा वर्षं हो म्हणतेय. खरं १५२ आहे. ब्रेक त्या हिशोबाने घ्यायला सांगा. तुम्हीच सांगा, माझ्याच्याने होणार नाही.