श्लोक म्हणणारीचे पान

बाई, तुम्हाला लिहिण्याचे धाडस करते आहे, क्षमा असावी. वर्गात कधी हात वर न करणारी मुलगी तुम्ही गेल्यावर इतक्या वर्षांनी बोलू लागली, याचे तुम्हाला हसूच आले असते.

मुळगावची आपली शाळा मला अजूनही अर्धवट झोपेत दिसते. खाणीच्या ट्रकांची तांबडी धूळ खिडकीतून आत येते आणि उन्हात तरंगत राहते. पाववाल्या पोदेराच्या सायकलीचा भोंपू वाजतो, पाव येतात, उसळीचे पातेले व्हरांड्यात उतरते. घरी न्यायचे सरकारी तांदूळ बंद होऊन शाळेतच शिजवलेले मिळू लागले होते. आई-बाबा सिंधुदुर्गातून खाणीवर कामाला आलेले. तांदूळ आईला चालत; हजेरीवर मिळत म्हणून तिच्या लेखी ती माझी मजुरीच होती. शिजवलेले मात्र नको. "दुसऱ्याच्या पडवेत बसान फुकटाचा खावचा नाय, चेडवा." डब्यात देण्याजोगे घरात काही नसे. म्हणून मधल्या सुट्टीत मी पुस्तकात डोके घालून बसते, जणू भूक ही माझ्या इयत्तेत नसलेली गोष्ट आहे. शेजारी बसणारी दुकानदाराची मुलगी डबा उघडता उघडता म्हणते, "आमच्याकडे असली उसळ म्हशीक घालतत!" मला त्या म्हशीचा हेवा वाटतो.

आणि एके दिवशी तुम्ही साडीचा पदर खोचून व्हरांड्यात उभ्या राहता. "उद्यापासून डबेवाले नि उसळवाले एकाच पंगतीत. देवळात समाराधनेक बसतो तशे. श्लोक तू म्हण गे." तुमचे बोट माझ्याकडे असते. मागून कोणीतरी ओरडते, "बाई, हिचो आवाज हिकाच ऐकाक येणा नाय!" सगळे हसतात, तुम्हीही. मग माझ्याकडे न बघता, पाव वाढता वाढता तुम्ही म्हणता, "एक आसा हां. श्लोक म्हणणाऱ्यान पान सोडून उठूचा नसता. पंगत मोडता."

संध्याकाळी भीतभीत आईला सांगितले. चुलीत फुंकर घालताना ती थांबली. "श्लोक म्हणतंस? मगे खा. भटजी जेवलो तर कोण फुकट जेवलो म्हणतत?" दुसऱ्या दिवशीच्या त्या उसळीची गोडी कोणत्याही समाराधनेला आली नाही.

आता मी लाटंबार्सेच्या शाळेत शिकवते. पंगत बसते तेव्हा एक मुलगी पुस्तक धरून खिडकीशी उभी राहते. आज तिचे पान न उलटणारे पुस्तक पाहिले आणि तुम्ही मला आवाजासाठी निवडले नव्हते, हे एकदम उमगले. उद्यापासून श्लोक तिचा.

तरीही खरे सांगू, बाई? आत कुठेतरी अजून वाटतेच, की माझा आवाज थोडासा बरा असावा.

सोमवार, दुपारचे साडेबारा. शाळा सुटल्याची घंटा झाली. पत्र पुस्तकात ठेवते आहे, पाठवायचे कुठे?