ओतूरच्या बाजारातले बोंबील

८ जानेवारी
ओतूरचा बाजार. लेक सुजातासाठी सुके बोंबील मोजले, वीस. मासळीवाले रशीदभाई एकेक उचलून फळीवर ठेवत गेले, मी पट्टी लावून वहीत लिहिलं. पोरगी रत्नागिरीला समुद्राचा अभ्यास करते. बारीक जाळ्यांनी मासळी वाढायच्या आत उपसली जाते का, ते तिला बघायचंय; म्हणून गावोगावच्या बाजारांतली मापं. ओतूर माझ्याकडे. माळ घातल्यापासून मासळीला हात नाही. पट्टी घरी आल्यावर धुतली.

१२ जाने.
सु.चा फोन. बाकी सगळीकडे माल लहान होत चाललाय, ओतूरचाच मोठा. तिचे सर म्हणाले, यावर वेगळं लिही. पोरगी खूश. मीही. पण ढीग तर मला बारीकच दिसतो...

१५ जाने.
रशीदभाईंना विचारलं. हसले. "मग? लेकीच्या अभ्यासाला बारकं देऊ व्हय? पयल्यापासनं निवडून देतोय, भाऊ." वर चहा पाजला. त्यांना काय बोलणार. सु.नं बजावलं होतं, ढिगात हात घाला, येतील ते घ्या. मी घातला नाही. तिला सांगितलंही नाही.

१७ जाने.
जपात लक्ष नाही. वहीतलं एकेक माप खरं, तरी सगळं मिळून खोटं. हे कसं झालं? हिला सांगितलं. म्हणाली, "माशाला हात लावाया देव आडवा आला, आन् पोरीला फसवाया न्हाई आला?"

१८ जाने.
सु.ला फोन केला. सगळं सांगितलं.
"कधीपासून, अप्पा?"
"पहिल्यापासून."
ओतूरवर लिहिलेले कागद परवाच सरांकडे गेलेत म्हणाली. मग फोन ठेवला. रागावली असती तर बरं वाटलं असतं.

२२ जाने.
बाजार. माळ काढून ठेवावी का, एसटीत बसेपर्यंत ठरेना. शेवटी गळ्यात असतानाच ढिगात कोपरापर्यंत हात घातला. रशीदभाई बघत राहिले. वीस काढले. दोन बरे, बाकी बोटाएवढे. ते म्हणाले, मोठा माल मुंबईतच संपतो, आपल्याकडं उरलेलं येतं. म्हणजे समुद्रातच मासळी लहान झाली, का आमच्यापर्यंत फक्त लहान पोचते? मला हे कळायचं नाही. स्टँडवरून सु.ला फोन लावला. उचलला. थेट मापं वाचत गेलो, विसाव्यापर्यंत. ती लिहून घेत होती की नुसती ऐकत होती, समजलं नाही.