चिकटवलेल्या प्रकरणाबाबत

मी, खाली सही करणारी, वय एकाहत्तर, धंदा कोच-गाद्या शिवण्याचा, पूर्ण शुद्धीत आणि कोणाच्याही दडपणाखाली न येता हे मृत्युपत्र लिहून ठेवत आहे. दडपण आणणारे होते, ते माझ्याआधीच गेले.

१. राहते घर व बँकेतील शिल्लक माझ्या एकुलत्या नातीला. ती सज्ञान होईपर्यंत देखभाल तिचे वडील, म्हणजे माझे जावई, करतील. माणूस सोन्यासारखा आहे. फक्त अवघड बोलायची वेळ आली की मिठाची गुळणी धरून बसतात.

२. शिवणयंत्र, वाकड्या सुया व मोठी कात्री शेजारच्या शिंपीणबाईंना. धाकट्या दिरांना काहीही नाही. माझा कोच त्यांनी ‘दोन दिवसांसाठी’ नेला, तो त्यांच्याच दिवाणखान्यात म्हातारा झाला. त्यांनी तो खुशाल ठेवावा. त्याची उजवीकडची स्प्रिंग टोचते, ती दुरुस्त करायला आता मी येणार नाही.

३. एक पुस्तक. माझी मुलगी इस्पितळात जाताना हे लेकीसाठी ठेवून गेली आणि परत आली नाही. नातीला मात्र ‘आई लांब उपचार घेतेय’ असेच सांगण्यात आले. सांगितले जावयांनी, मान डोलावली मी.

पुस्तक लहान मुलांचे, पण असले काळेकुट्ट की चाळताक्षणी मी म्हणाले, ‘पोरांना कशाला हे भुताटकीचं खूळ?’ एक मुलगी हरवलेल्या आईला शोधत काळ्या नदीपाशी जाते. वाटेत दिवेखाऊ नावाचा राक्षस तिचा कंदील गिळतो. जावयांनी नातीला वाचून दाखवले ते मुलगी काठावर वाट बघत बसते तिथपर्यंतच. “संपलं. आता आई येणार,” म्हणाले. तेव्हापासून नात शाळेतून आली की पायरीवर बसून राहते. खेळायला बोलावले तर म्हणते, “मी उठले तर आई वाट चुकेल.”

मी पुस्तक हातात घेतले, तर मागची बाजू कडक लागली. शेवटचे प्रकरण डिंकाने चिकटवलेले! कोचाचे चिकटलेले कापड सोडवायला आम्ही इस्त्रीची वाफ देतो, तशी दिली. पाने सुटली. भर दुपारी दुकान बंद करून वाचले आणि लहान पोरीसारखी रडले. आई सापडते, पण ती मेलेली असते. मुलगी तिचा हात सोडते आणि अंधारातून एकटी घरी येते. माझी लेक गेली तेव्हा सगळे मोठे मला ‘धीर धरा’ म्हणत होते. ‘भीती वाटणारच’ असे मला फक्त ह्या पुस्तकाने सांगितले.

सबब माझ्या मृत्यूनंतर हे पुस्तक नातीला शेवटपर्यंत वाचून दाखवावे.

इथवरचा मजकूर साक्षीदारांना वाचून दाखवला. समोरचे औषधवाले म्हणाले, “मावशी, म्हणजे पोरीला दोन मरणं एकदमच कळणार का?”

“तू सही कर. मला शहाणपण शिकवू नकोस,” मी म्हटले. त्याने पेन खाली ठेवले. मेला खरे तेच बोलला होता.

कलम ३ मधील शेवटचे वाक्य रद्द समजावे.

दुसऱ्या दिवशी जावयांना बोलावले आणि सुटलेली पाने समोर ठेवली. डिंक त्यांनीच लावला होता. त्यांनी पाने परत मिटून ठेवली. “आई, माझ्याच्यानं नाही होणार. तिच्या तोंडाकडे बघवणार नाही.”

“मग पानाकडे बघा. वाचणाऱ्याला तेवढी सोय असते.”

नातीला मध्ये बसवले. ते वाचू लागले. ‘मेली’ हा शब्द ह्या घरात पहिल्यांदाच मोठ्याने उच्चारला गेला. नात उशीचा दोरा ओढत राहिली. तिचे बोट पांढरे पडले तरी मी तिला अडवले नाही.

मग ती म्हणाली, “बाबा, परत वाच. आई मेली, तिथून.”

त्यांनी परत वाचले. तिसऱ्यांदा तिने पुस्तक स्वतःकडे ओढले आणि अक्षराखाली बोट ठेवून मोठ्याने वाचले, कारण बाबांना काही दिसत नव्हते.

पुस्तक तेव्हापासून तिच्या ताब्यात आहे. ते माझ्या मालमत्तेत धरू नये.

ठिकाण : राहते घर, मागील खोली. दिनांक : नऊ मार्च.

लिहून ठेवणार : कोचवाली (सही)

साक्षीदार : १. समोरचे औषधवाले (सही) २. माझी शुद्ध तपासून पाहिलेल्या डॉक्टरीणबाई (सही)